'शह' : एका अक्षराएवढ्या शब्दाचा अडीच हजार वर्षांचा प्रवास

बुद्धिबळात 'शह' देणारा, बँकेत 'चेक' वटवणारा आणि चौकटीच्या नक्षीचा 'चेक्स'चा शर्ट घालणारा मराठी माणूस एकच शब्द तीनदा वापरत असतो. हा धागा त्या शब्दाविषयी.

इराणमधील बिसुतून येथे दारियुश सम्राटाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरवलेल्या लेखात तो स्वतःला 'ख्शायथिय' म्हणजे राजा म्हणवतो. हेच रूप झिजत झिजत 'शाह' झाले. आपल्या 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' या शब्दांच्या मुळाशी असलेला, सत्ता गाजवणे या अर्थाचा 'क्षि' धातू याच कुळातला. थोडक्यात, शाह परका असला तरी चुलत घराण्यातला आहे.

तो भारतात मुसलमानी सत्तांबरोबर आला, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत, इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे, वायव्येकडील राजांसाठी 'षाहि' आणि 'षाहानुषाहि' ही बिरुदे संस्कृत लेखात आलेली आहेत. 'षाहानुषाहि' म्हणजे शहांचा शहा, पुढचा शहेनशाह. त्याआधी कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर याच अर्थाचे 'शाओनानो शाओ' होतेच.

पश्चिमेकडे हा शब्द गेला तो पटावरून. खेळ भारतात जन्मला, इराणात वाढला, अरबांनी युरोपात नेला. राजावर चाल आली की 'शाह!' असे बजावत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'एशेक' झाले, जर्मनीत 'शाख', इंग्लंडमध्ये 'चेक'. पटासारख्या चौकटींच्या कापडावर नाणी मोजणाऱ्या इंग्लिश राजाच्या खजिन्याचे नाव 'एक्स्चेकर' पडले आणि बँकेच्या चेकचे स्पेलिंगही त्याच वळणावर गेले. 'शह-मात'चा अर्थ 'राजा मेला' असा सांगतात, तो अरबी 'माता' (मेला) या क्रियापदावरून. अनेक अभ्यासक मात्र फारसी 'मात', म्हणजे हतबल, हा अर्थ घेतात. आणि खेळ पाहता तोच पटतो. पटावर राजा कधी मारलाच जात नाही, त्याची कोंडी होते.

गुजराती 'शहा' आडनाव मात्र या वंशावळीत घालू नये. ते 'साधु'वरून आलेल्या 'साहु'चे रूप मानले जाते. मराठीतला 'साव' त्याचाच भाऊ.

महाराष्ट्रात निजामशाही, आदिलशाही गेल्या, पण प्रत्यय राहिला. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही महाराजांच्या पित्याचे नाव शहाजी, नातवाचे शाहू. परंपरा सांगते की शहाजी हे नाव शाह शरीफ या अहमदनगरच्या पीरावरून ठेवले गेले.

पुढे राजेच गेले. जनतेच्या राज्याला हिंदीने 'लोकतंत्र' हा शब्द घेतला. मराठीने निवडला 'लोकशाही', ज्याच्या अर्ध्या भागात दारियुशचा राजा अजून बसलेला आहे.