मार्ग आणि मुख : मोबाइलच्या पिनेचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान दिल्याबद्दल मी विद्यालयाचा ऋणी आहे. विषय वाचून आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. स्मृतिव्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, स्वातंत्र्यसंग्राम, समाजसुधारणा असे विषय अपेक्षिले जातात. मोबाइल फोनच्या चार्जरची पिन हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय? मी इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने म्हणेन की होऊ शकतो. आणि सिल्वासातील श्रोत्यांना तो इतरांपेक्षा लवकर उमगेल, कारण या भूमीचा इतिहास हाच मुळी वाटेचा इतिहास आहे.

दादरा व नगर हवेली हे दोन तुकडे समुद्रापासून दूर होते, चोहोबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले होते, आणि तरीही त्यांच्यावर सत्ता पोर्तुगीजांची होती. दमणहून येथे यायचे तर भारताच्या भूमीवरून यावे लागे. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झाले, पाठोपाठ नरोली, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा. या लढ्यात मराठी तरुणांनी काय केले हे येथे सांगायला नको. सुधीर फडके यांच्यासारखा गायक त्यात उतरला होता. पोर्तुगालने १९५५ च्या अखेरीस हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दावा होता वाटेच्या हक्काचा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मोठा मार्मिक भेद केला : खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. वाट एकच, परंतु तिच्यावरून काय जावे आणि काय जाऊ नये हे वेगवेगळे ठरवता येते. हा भेद ध्यानी ठेवावा, कारण आजच्या विषयात तो पुन्हा भेटणार आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. फोनच्या खालच्या कडेला जी खाच असते तिला पोर्ट म्हणतात. तारेच्या टोकाला जो धातूचा भाग असतो तो कनेक्टर. आपण बाजारात दोहोंनाही सरसकट ‘पिन’ म्हणतो, आणि त्याने व्यवहारात काही बिघडत नाही. या खाचेतून दोन गोष्टी जातात : वीज आणि माहिती. वीज बॅटरीत भरली जाते. माहिती, म्हणजे छायाचित्रे, गाणी, कागदपत्रे, फोनमधून संगणकात किंवा उलट जाते. खाचेचा आकार कोणी ठरवायचा, हा या इतिहासातला मूळ प्रश्न.

आकार ठरवण्याची सत्ता ही केवढी मोठी असते, याचे उदाहरण येथून फार दूर नाही. बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात १९१३ साली बिलिमोरा ते वघई हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. त्याच्या दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. मुंबईहून येणाऱ्या मुख्य मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर. परिणाम असा की एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. बिलिमोऱ्याला माल एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात भरायचा. त्या अरुंद मार्गाने डांगच्या जंगलापर्यंत गाडी नेली हे खरेच. परंतु दोन मापे जेथे भेटतात तेथे कोणाला तरी ओझे वाहावे लागते, हेही तितकेच खरे. मापांचा मेळ नसेल तर त्याची किंमत माप ठरवणारा देत नाही, वापरणारा देतो.

भारतातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतरच्या दशकभरात फोन गावोगाव पोहोचले आणि त्यांच्याबरोबर पिनांचा बाजार मांडला गेला. नोकियाची आधी जाड गोल पिन, मग बारीक गोल पिन; सॅमसंगची निराळी, मोटोरोलाची निराळी, सोनी एरिक्सनची तर फारच निराळी. एकाच कंपनीच्या दोन फोनांनाही एक चार्जर चालेल याची शाश्वती नसे. पाहुणा घरी आला की त्याचा पहिला प्रश्न ‘बारीक पिनेचा चार्जर आहे का?’ असा असे. फोन बदलला की चार्जर निरुपयोगी होई आणि खणात जाऊन पडे. कंपन्यांना याचे वाईट वाटण्याचे कारण नव्हते, कारण प्रत्येक फोनाबरोबर एक चार्जर विकला जात होता.

याच सुमारास संगणकाच्या जगात एक वेगळी घटना घडली होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात शिकलेले अजय भट्ट अमेरिकेत इंटेल कंपनीत काम करीत होते. संगणकाला प्रिंटर, कळफलक, माऊस हे सारे वेगवेगळ्या खाचांत जोडावे लागे, आणि घरी प्रिंटर जोडतानाच्या त्रासातून एकाच सार्वत्रिक खाचेची कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. इंटेलसह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी हे मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या वापरासाठी स्वामित्वधन आकारायचे नाही, असे ठरले. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत दूरदर्शी निर्णय होय. ज्या वाटेवर जकात नाही तिच्यावरच वर्दळ वाढते.

यूएसबीच्या चार तारा होत्या : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. वीज ५ व्होल्टची आणि अधिकात अधिक अर्धा अँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॉट. ती माऊस चालवण्यापुरती होती. पण फोन बनवणाऱ्यांच्या ध्यानात आले की या खाचेतून बॅटरीही भरता येते. २००० साली मिनी यूएसबी आली आणि २००७ च्या जानेवारीत मायक्रो यूएसबी. मायक्रो यूएसबीच्या रचनेत एक शहाणपण होते. घट्ट बसवणाऱ्या स्प्रिंगा फोनच्या खाचेत न ठेवता तारेच्या टोकात ठेवल्या. झिजायचे ते स्वस्त तारेने झिजावे, महाग फोनने नव्हे, हा त्यातला विचार. १०,००० वेळा लावणे-काढणे सोसावे, ही अपेक्षा होती. दोष एवढाच की ती एकाच बाजूने लागे, आणि अंधारात उलटी घुसवण्याच्या प्रयत्नात कित्येक खाचांच्या जिभा मोडल्या.

आता लोकसत्तेच्या हस्तक्षेपाकडे येऊ. चीनने २००६ च्या डिसेंबरात चार्जरसाठी मानक काढले आणि चार्जरच्या अंगाला यूएसबीची खाच असावी असे ठरवले. त्यामुळे तार आणि चार्जर वेगळे झाले. २००९ च्या जूनमध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने प्रारंभी दहा आणि पुढे चौदा कंपन्यांनी मायक्रो यूएसबी स्वीकारण्याचा करार केला. परंतु करार स्वेच्छेचा होता आणि जोडतुकडा वापरण्याची मुभा त्यात होती. अॅपलने तिचा लाभ घेतला. २००३ पासूनची तिची तीस पिनांची रुंद खाच २०१२ साली गेली आणि तिच्या जागी लाइटनिंग आली. लाइटनिंग न्याय्यपणे तोलली पाहिजे : ती लहान होती, मजबूत होती आणि दोन्ही बाजूंनी लागत असे, या बाबतीत ती मायक्रो यूएसबीच्या पुढे होती. पण ती एका कंपनीच्या मालकीची होती, आणि तिची अधिकृत तार बनवायची तर त्या कंपनीची अनुज्ञा लागे. वाट उत्तम होती, पण नाका खाजगी होता.

ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी टाइप-सी हे मानक प्रसिद्ध झाले. लंबगोल मुख, दोन ओळींत बारा-बारा असे चोवीस संपर्कबिंदू, उलटसुलट कसेही लावा. ही सोय आरंभीच का दिली नाही? भट्ट यांनीच सांगितले आहे की तशाने तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, आणि नवे मानक रुजण्यासाठी ते स्वस्त असणे अगत्याचे होते.

युरोपीय संसदेने ३० जानेवारी २०२० रोजी ५८२ विरुद्ध ४० मतांनी सामाईक चार्जरची मागणी केली. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा कचरा युरोपात वर्षाला ११,००० टन होतो, असा आयोगाचा अंदाज होता. सक्तीने नवसंशोधन खुंटेल, हा अॅपलचा आक्षेप. तो पोकळ नव्हता. २००९ साली मायक्रो यूएसबी कायद्याने कायमची बांधली असती, तर टाइप-सीला वाट मिळाली असती काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून २०२२ च्या कायद्यात मानक कालानुरूप बदलण्याची तरतूद ठेवली आहे. २०२३ च्या सप्टेंबरात आयफोनलाही टाइप-सी आली, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात नव्या फोनांना ती बंधनकारक झाली. आपल्याकडे १६ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत टाइप-सीवर सहमती झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिचे मानक प्रसिद्ध केले.

तर मग प्रश्न सुटला काय? मुख एक झाले, पण भाषा एक झाली असे नव्हे. ५,००० मिलिअँपिअर तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. अडीच वॉटने ती भरायला आठ तासांहून अधिक लागतील. वीस वॉटने काम दीड-दोन तासांत होते. म्हणून कंपन्यांनी जलद चार्जिंगच्या आपापल्या पद्धती काढल्या. क्वालकॉमने व्होल्ट वाढवले, ओप्पोने प्रवाह वाढवला. एकीचा चार्जर दुसरीच्या फोनला लागतो, वीजही देतो, पण संथ देतो, कारण दोघांचे बोलणे जुळत नाही. ‘पॉवर डिलिव्हरी’ नावाची खुली पद्धत हे बोलणे जुळवण्यासाठी आहे. तिच्यात चार्जर आणि फोन आधी किती व्होल्ट, किती अँपिअर हे ठरवतात, मग वीज वाहते. २०२१ पासून तिची मर्यादा २४० वॉट आहे. १५ वॉटहून अधिक घेणाऱ्या फोनने ही पद्धत जाणलीच पाहिजे, असेही युरोपच्या कायद्यात आहे. म्हणजे कायद्याने मुखाबरोबर भाषाही बांधली.

तारेचेही तसेच. साधी टाइप-सी तार तीन अँपिअरपर्यंत. पाच अँपिअरसाठी तारेत ओळख सांगणारी चिप लागते. काही स्वस्त उपकरणांत ५.१ किलो-ओहमचा चिमुकला रोध बसवलेला नसतो. अशा उपकरणाला दोन्हीकडे टाइप-सी असलेली तार लावली तर चार्जर वीज सोडतच नाही, आणि जुन्या चपट्या खाचेच्या चार्जरवर तेच उपकरण चालते. दोष फोनचा वा चार्जरचा नसतो. ओळखीची खूण गाळणाऱ्याचा असतो. ज्या सिल्वासात तांब्याचे शुद्धीकरण होते, तेथे हे सांगायला नको की तारेत तांबे कमी घातले की रोध वाढतो, तार तापते आणि फोनपर्यंत व्होल्ट कमी पोहोचतात.

आणि येथे हेगचा तो निकाल पुन्हा आठवतो. बसस्थानकावर परक्या खाचेत फोन लावला की वीज हवी असते, पण आपली कागदपत्रे त्या वाटेने जावीत असे नसते. म्हणूनच फोन विचारतो, ‘केवळ चार्जिंग, की माहितीची देवाणघेवाणही?’ केवळ चार्जिंग निवडावे. सामान्य मालाला वाट आहे, शस्त्रांना नाही, हे ठरवण्याचा अधिकार घरमालकाने स्वतःकडे ठेवावा. दमणगंगेच्या खोऱ्यातला पाऊस आपण जाणता. खाच ओली असताना तार लावू नये. तार सैल बसू लागली तर पोर्ट गेला असे समजण्यापूर्वी फोन बंद करून, दात कोरण्याच्या कोरड्या लाकडी काडीने आतली कापसाची लूत हलकेच काढावी. पुष्कळदा दुरुस्ती तेवढ्यावर भागते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खाचेसाठी एवढा ऊहापोह कशाला? त्यांनी खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांचा विचार करावा. ज्या घरात एकच फोन, त्यावरच मुलीचा अभ्यास, त्यावरच वडिलांच्या मजुरीचा निरोप आणि बँकेतल्या पैशांची खबर, त्या घरात चार्जर बिघडणे ही किरकोळ अडचण नसते. शेजाऱ्याचा चार्जर चालला तर त्या घराचा दिवस वाचतो. चालला नाही तर सिल्वासाची खेप, बसभाडे आणि बुडालेली मजुरी. खणात चार चार्जर असणाऱ्याला मानकाचे मोल कळत नाही. एकच असणाऱ्याला ते कळते. सामाईक माप हे प्रथम गरिबाच्या उपयोगी पडते. चार्जर उसना मिळणे ही तर शेजारधर्माचीच गोष्ट.

माजी विद्यार्थीहो, आपणांपैकी कित्येक जण कारखान्यांत, दुकानांत, सरकारी कचेऱ्यांत वस्तू निवडण्याच्या जागी बसला आहात. खरेदीच्या यादीवर सही करताना एवढेच पाहावे की वस्तूचे मुख सर्वांचे आहे की एकाचे, आणि तिच्या तारेवर वॉटचा आकडा प्रामाणिकपणे छापला आहे की नाही. या भूमीने वाटेच्या हक्काचा वाद जगाच्या न्यायालयापर्यंत गेलेला पाहिला आहे. वाट कोणाची, हा प्रश्न लहान वस्तूंतही विचारावा, हे तिने आपणांस शिकवले आहे.