पत्रांनी बांधलेली एकजूट

अमेरिकेतील क्रांतीची पहिली शस्त्रे म्हणजे पत्रे. न्यायाधीशांचे वेतन यापुढे ब्रिटिश राजसत्ता देणार, म्हणजे ते लोकांना बांधील राहणार नाहीत, अशी वार्ता आली. तेव्हा २ नोव्हेंबर १७७२ रोजी बोस्टनच्या नगरसभेने सॅम्युएल अॅडम्स यांच्या सूचनेवरून २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमली. समितीने गाऱ्हाणी छापून गावोगाव धाडली व प्रत्येक गावाचे मत विचारले. मॅसॅच्युसेट्समधील शंभराहून अधिक गावांनी उत्तरे दिली. १७७३ मध्ये व्हर्जिनियाच्या पुढाकाराने इतर वसाहतीही या पत्रसूत्रात गुंफल्या गेल्या. १७७४ मध्ये इंग्रजांनी बोस्टनचे बंदर बंद केले, तेव्हा दक्षिण कॅरोलायनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढ्या आल्या. एकमेकांचे दुःख आधी कळले होते. म्हणूनच ते वाटून घेता आले.