डबाबंद अन्नाची कुळकथा

आमच्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या भट्ट्या आहेत. गावोगावचे भंगार तिथे येते, वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. शाळेच्या वाटेवर हे भंगाराचे ट्रक मला नेहमी भेटतात. त्यांत काय नसते! मोडक्या सायकली, गंजलेले खाटांचे सांगाडे, तेलाचे, रंगाचे, दुधाच्या पुडीचे चेपलेले डबे. पण शिजवलेली उसळ, वाटाणे किंवा मासे भरून विकतात तसला डबा त्या ढिगात मी फारसा पाहिलेला नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या साध्यासुध्या घराचे फडताळ उघडले, तर असे दहा-पाच डबे रोजच्या जेवणासाठी मांडून ठेवलेले सापडतात. आपल्या घरीही डब्यांना तोटा नाही. फळीवर उतरत्या भाजणीने ते उभेच असतात. म्हणजे डबा आपण घेतला, आतले अन्न मात्र घेतले नाही. असे का व्हावे?

या कथेचा एक धागा आमच्याच जिल्ह्यात सापडतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईतल्या तोफांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते लष्कर खात काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते बंजाऱ्यांच्या बैलांवर जगत होते. धान्याच्या गोण्या लादलेले हजारो बैल फौजेमागून चालत. बैल दमले की फौज थांबे. पोट हे सेनापतीपेक्षा वरचढ असते, हे वेलस्लीला दख्खनने चांगले शिकविले असले पाहिजे.

नेमक्या याच काळात निकोला अपेर नावाचा एक फ्रेंच मिठाईवाला तोच प्रश्न आपल्या चुलीपाशी सोडवीत बसला होता. काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत रस्सा, वाटाणे, फळे भरायची, बूच घट्ट बसवायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात तासन्‌तास ठेवायची. चौदा-पंधरा वर्षे त्याने हा उद्योग केला. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले, ते कृती छापून जाहीर करण्याच्या अटीवर. गंमत अशी की अन्न टिकते का, हे त्यालाही ठाऊक नव्हते. सूक्ष्म जंतूंमुळे ते नासते, हे लुई पाश्चरने दाखवून दिले ते पुढे पन्नासएक वर्षांनी. शास्त्राच्या आधी स्वयंपाकी पोचला होता.

काच फुटते. तेव्हा त्याच १८१० साली लंडनमध्ये पीटर ड्यूरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले, आणि १८१३ पर्यंत ब्रायन डॉन्किन आणि त्याच्या भागीदारांनी बर्मंडसीला कारखाना घातला. पहिले गिऱ्हाईक अर्थातच आरमार. डबे इतके जाड की छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. डबा उघडण्याचे खास हत्यार निघाले ते १८५५ नंतर. चाळीसएक वर्षे कुलूप होते आणि किल्ली नव्हती!

आता या ‘कथिलाचा मुलामा’ शब्दांपाशी मला जरा थांबायचे आहे. हे काही विलायतेचे गुपित नव्हे. आमच्या गल्लीत कल्हईवाला येई. जमिनीत खळगा करून भाता लावी. पातेले लालसर तापले की नवसागराची चिमूट टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो झपाट्याने हात फिरवी, आणि काळे पातेले चांदीचे होई. आम्ही पोरे खोकत खोकत ते पाहत असू. पितळेत आमटी कळकू नये म्हणून कल्हई, आणि लोखंड गंजून अन्न बिघडू नये म्हणून डब्याला कथील, तत्त्व एकच. कल्हई आणि झाकण दोन्ही आपल्या घरात होती. झाकण कायमचे डाखून टाकायची गरज मात्र आपल्याला पडली नाही.

कारण ते काम आपल्याकडे ऊन करीत होते. अपेरने जंतू उष्णतेने मारले. आमच्या आज्यांनी त्यांचे पाणीच तोडले. मराठवाड्याचा उन्हाळा माणसाचा जीव घेतो, पण वाळवणाला त्याच्यासारखा कारागीर नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळायचा, पहाटे चुलीवर तो घाटायचा आणि ऊन चढण्याच्या आत सोऱ्यातून कुरडया घालायच्या. मग सांडगे, पापड, बाजरीच्या खारवड्या. हिवाळ्यात खुडलेली हरभऱ्याची भाजी वाळवून मडक्यात. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या चकत्या. ज्वारी पेवात नाही तर कणगीत. डाळी उतरंडीत, राखेत नाही तर कडुलिंबाच्या पाल्यात. हेच आमचे फडताळ. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की रोजचे कोरड्यास यातूनच निघे.

‘आम्ही ताजे खातो, शिळे-डब्यातले खात नाही’ असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. हा अभिमान मला पुरता मान्य नाही. वर्षाचे निम्मे अन्न आपणही साठवलेलेच खात होतो; फक्त ते साठवण्याची मजुरी कोणाला द्यावी लागत नव्हती. चैत्र-वैशाखात घरच्या बायका पहाटे तीनला उठत, तापलेल्या गच्चीवर अनवाणी जात आणि सांजेला पुन्हा सारे गोळा करीत. डॉन्किनच्या कारखान्यातल्या कामगाराला पगार तरी होता.

धर्माची अडचण होती, हेही खरे. साहेबाच्या मेजावरच्या टिनमध्ये मासा किंवा डुकराचे मांस असे, आणि बंद डब्यात काय आहे याची खात्री कोण देणार? पण मला वाटते, खरी अडचण पैशाची होती. आपल्याकडे कथील जवळजवळ निघत नाही. ते मलायासारख्या देशांतून आणावे लागे. वाटाण्यांपेक्षा त्यांचे वेष्टण महाग पडे. जमशेदपूरजवळ गोलमुरीला पत्र्याला कथील देणारी कंपनी १९२० साली स्थापन झाली आणि १९२२ पासून पत्रा निघू लागला. पण तो मुख्यतः रॉकेलच्या डब्यांसाठी. आपल्या घरात आलेला पहिला पत्र्याचा डबा घासलेटाचा. मग १९३७ साली डालडा आला. त्या पिवळ्या डब्यावरचे नारळाचे झाड ज्याने पाहिले नाही असा जुन्या पिढीत कोणी नसेल. तूप संपले की त्यात पोहे, साखर. बूड गंजले की माती भरून तुळस. मराठीने मात्र या पत्र्याला कधी मान दिला नाही. ‘टिनपाट’ ही शिवीच झाली आणि ‘डालडा’ म्हणजे नकली.

खाण्याच्या डब्याला मध्यमवर्गीय फळीवर पहिली जागा मिळवून दिली ती तान्ह्या मुलांनी. दुधाच्या पुडीचे डबे आधी परदेशी होते. म्हशीच्या दुधापासून बालकांसाठी पूड करण्याची रीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत सिद्ध झाली आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या अमूलने ती बाजारात आणली. पुढे या डब्यांसाठीही रांगा लागल्या.

दुसरा आला हापूस. आंबा आंबटसर, म्हणून डब्यात गुणी. आंबट पदार्थाला साधी उकळी पुरते. हरभरे-वाटाण्यांना मात्र वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावे लागते, नाही तर आत विष तयार होण्याची भीती. म्हणूनच फुगलेला डबा उघडूनही पाहू नये. मी मॅट्रिकपुरते शिकलेला माणूस. पण एवढे रसायन स्वयंपाकघरात असावे. आमच्या जालन्याची मोसंबी इतकी नावाजलेली, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण डब्याशी तिचे जमत नाही. रस तापवला किंवा ठेवला की कडवट होतो. ती झाडावरून उतरावी आणि खावी.

रत्नागिरीचा डबा मात्र पार अमेरिकेला गेला. २००७ च्या एप्रिलपर्यंत कित्येक वर्षे आपल्या ताज्या आंब्याला तिथे मज्जाव होता. मग लासलगावच्या कांद्यासाठी उभारलेल्या विकिरण केंद्रातून आंबा पार करून पाठवू लागले. तोवर तिथल्या मराठी घरात आमरस म्हणजे साडेआठशे ग्रॅमचा डबा. माझी एक मामेबहीण तिकडे असते. तिच्या फडताळात आमरसाचे चार, उकडलेल्या छोल्यांचे सहा आणि नारळाच्या दुधाचे दोन डबे कायम असतात. तिने एकदा लिहिले होते, ‘दादा, बाहेर गुडघाभर बर्फ आहे, कुरडया वाळवू कुठे?’ ज्याला अंगण उरले नाही त्याच्यासाठीच हा डबा निघाला होता: खलाशी, शिपाई, आणि आता ही आमची बहीण.

मग आमच्या वसाहतीतले मजूर? त्यांनाही अंगण नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून, मध्य प्रदेशातून आलेली पोरे एका खोलीत पाच-सहा राहतात. फडताळ नाही, खुंटीला पिशव्या. डबाबंद उसळीच्या एका डब्याच्या पैशांत त्यांचे दोन दिवसांचे पीठ येते. ज्या माणसासाठी ही युक्ती निघाली, त्याच्याच हाताला ती आपल्याकडे कधी लागली नाही.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, भट्ट्या थंडावल्या, आणि साठवण म्हणजे काय हे सर्वांना एकदम कळले. ज्याच्या घरी डाळ-पीठ होते तो दार लावून बसला. ज्याच्या घरी नव्हते तो चालू लागला. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गाडी मिळेल या आशेने रुळांवरून भुसावळकडे निघाले. रात्रभर चालून दमले आणि करमाडजवळ रुळांवरच निजले. ८ मे च्या पहाटे मालगाडी आली. सोळाजण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर छापून आले. मला ते फार वेळ पाहवले नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला काही पोरे मागे राहिली होती. आईने त्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा जास्त कुरडया घातल्या होत्या. वय झाले तरी ऐकत नाही. एक मोठी पिशवी भरून ती मला म्हणाली, ‘देऊन ये, आणि कसे करायचे ते नीट सांग.’ दारात त्यांच्यातला एक पोरगा कुरडई हातात उलटीपालटी करून पाहत राहिला. हे काय आहे ते त्याला उमगेना. मी तळून दाखवायला निघालो, तोच मागून आई आलीच. ‘तळायला तेल कुठून आणतील ती?’ मला म्हणाली, आणि मग आपल्या हिंदीत त्याला, ‘भैया, तळने का नहीं. पानी में भिगाने का, कांदे पर परतने का, मिरची-नमक. भाजी होती है.’

दुसऱ्या दिवशी पिशवी परत आली, धुऊन, घडी घालून. आईने तीच पुन्हा भरली.