गिरमिटावर गेलेली माणसे आणि आपले प्रश्न



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी तुम्हीही दोन पाने लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड आहे. आपल्या आळीत हल्ली जो विषय घरोघरी निघतो, त्याचा मागचा इतिहास माझ्या वाचनात आला. तो यथामति आपल्यापुढे मांडते.

विषय आहे परदेशातल्या चाकरीचा. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा दीर कुवेतला, कुणाचा भाचा दुबईला जायला निघालेला असतो. मंडळात पापड लाटताना आपण बायका विचारतो, पगार किती ठरला? जेवणखाण कुणाचे? कागदावर काय लिहिले आहे? मध्येच परत यावेसे वाटले तर येता येईल का? हे प्रश्न आपल्याला आजचे वाटतात. परंतु आपल्या देशातली माणसे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मॉरिशस बेटावर मजुरीला गेली, तेव्हा नेमके हेच प्रश्न होते. ते विचारायला मात्र त्यांच्या पाठीशी कुणी नव्हते.

मॉरिशस हे आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरातले लहानसे बेट. तेथे उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांत गुलाम राबत. इंग्रज सरकारने १ फेब्रुवारी १८३५ पासून तेथली गुलामगिरी बंद केली. आता ऊस कोण तोडणार, या चिंतेत पडलेल्या मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानातल्या गरिबांकडे वळली. १८३४ च्या सप्टेंबरात कलकत्त्याला ३६ मजुरांशी करार झाला आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ते मॉरिशसला उतरले. पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्याच वाटेने गेली.

इंग्रजीतल्या 'अ‍ॅग्रीमेंट'चे आपल्या लोकांनी 'गिरमिट' केले आणि त्यावर जाणारा तो गिरमिट्या झाला. सुताराकडे लाकडाला भोक पाडायचे गिरमिट असते, ते निराळे. पण हेही तसेच होते. हलकेच फिरू लागे आणि आत किती खोल गेले ते मागाहून कळे.

आपल्या मुलखातूनही माणसे गेली. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले थोडे; पण त्यांत रत्नागिरीकडचे, घाटावरचे पुष्कळ होते. कोकणातली वरकस जमीन, खाणारी तोंडे फार, सावकाराचे देणे डोक्यावर. मुंबईच्या कापडगिरण्या १८५४ नंतरच्या, तेव्हा त्याआधी गिरणीची वाटही नव्हती. अशा घरात दलाल येऊन पाच वर्षांच्या कामाची आणि रोख पगाराची गोष्ट बोलला, तर कोण ऐकणार नाही? आपल्याला त्यांना नावे ठेवता येणार नाहीत.

आता आपले प्रश्न एकेक करून त्यांच्यापुढे ठेवून पाहू.

पगार किती? पहिल्या करारात पुरुषाला महिना ५ रुपये होते. शिवाय तांदूळ, डाळ, मीठ आणि अंगावरचे कपडे. ऐकायला वाईट नाही. पण एक दिवस कामावर खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची तेथे चाल होती. तिला 'दुहेरी काट' म्हणत. तापाने पडलेल्या माणसाचा हिशेब महिनाअखेर काय होत असेल, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको.

परत येता येईल का? आरंभी पाच वर्षे भरली की परतीचे भाडे मिळेल असे होते. १८५० नंतर ती मोफत परतीची सोय काढून घेतली गेली. ज्याच्या गाठीला पैसा उरला नाही, तो पुन्हा करार करी आणि पुन्हा अडके.

मोकळेपणाने हिंडता-फिरता येईल का? याचे उत्तर सर्वांत कडू आहे. १८६७ च्या कायद्याने, पाच वर्षे भरून मोकळ्या झालेल्या मजुरालाही स्वतःच्या छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर त्याला भटक्या ठरवून शिपाई पकडीत. आपण गुन्हेगार नाही, याचा कागद माणसाने खिशात घेऊन फिरायचे!

दाद कुणाकडे मागायची? आदोल्फ द प्लेवित्झ नावाचे एक गोरे गृहस्थ या लोकांच्या बाजूने उभे राहिले. १८७१ साली ९,४०१ मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज त्यांनी गव्हर्नराकडे दिला. त्यावरून चौकशी नेमली गेली आणि १८७५ मध्ये तिचा अहवाल निघाला. मळेवाल्यांनी द प्लेवित्झ यांना फार छळले. गांधीजी १९०१ मध्ये आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला थांबले होते. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील तेथे गेले आणि मजुरांचे खटले लढू लागले. इकडे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली कौन्सिलात ठराव मांडला की ही गिरमिटाची पद्धतच बंद करा. ठराव तेव्हा फेटाळला गेला. नामदार १९१५ मध्ये वारले. १९१७ साली गिरमिटावर माणसे नेणे बंद झाले, ते पाहायला ते नव्हते.

बायकांचे काय? शंभर पुरुषांमागे अमुक बायका गेल्याच पाहिजेत, असे नियम सरकारने केले होते. कुणी नवऱ्यामागे गेली, कुणी एकटी. आलेल्या प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, गाव रजिस्टरात लिहीत. ती रजिस्टरे मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवलेली आहेत. नातवंडे-पणतवंडे येऊन त्यांत आपले गाव शोधतात.

कारण हे लोक तेथे नुसते राबून संपले नाहीत. मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा पै-पै जमवलेल्यांनी ते घेतले. पोरांना शाळेत घातले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि पहिले पंतप्रधान झाले शिवसागर रामगुलाम, बिहारातून आलेल्या एका मजुराचे पुत्र. तेथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आपल्या जाखडी नाचाला तेथली मराठी मंडळी 'झाकरी' म्हणतात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर सोळा पायऱ्या चढून ही माणसे आत जात, तो 'आप्रवासी घाट' २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला.

म्हणून परदेशी जाऊच नये, असे मी म्हणत नाही. गेलेल्यांनी घरे उभी केली आहेत. परंतु न विचारता जाऊ नये. माझ्या नात्यातला एक मुलगा आखातात गेला, तेव्हा उतरल्या दिवशीच मालकाने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. आई आजारी पडली तरी त्याला दोन महिने येता आले नाही. ती बाई दाराशी बसून राही. पासपोर्ट हा आपल्या सरकारच्या मालकीचा असतो आणि तो असा अडकवून ठेवणे तिकडच्याही पुष्कळ देशांत कायद्याने मना आहे, हे त्यांच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हते. मला ती १८६७ च्या परवान्याची गोष्ट वाचताना तोच मुलगा आठवला.

गिरमिट्यांना कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. १९८३ साली परदेशी चाकरीसाठी आपल्याकडे कायदा झाला, दलालाला सरकारी परवाना लागू झाला. पण कायदा आपल्या दारात येऊन उभा राहत नाही. आपणच विचारावे लागते. दलालाचा परवाना दाखवा म्हणावे. करार आपल्याला समजेल अशा भाषेत घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी आईजवळ किंवा बायकोजवळ ठेवावी. कामाचे तास, सुट्टी, औषधपाणी, परतीचे भाडे कुणाकडे, हे त्यात लिहिलेले पाहावे. व्हिसा कामाचाच आहे ना, नुसता भेटीचा नाही ना, हे पाहावे. दागिना मोडून पैसे भरले तर त्याची पावती घ्यावी. तिकडच्या आपल्या वकिलातीचा पत्ता आणि फोन मुलाच्या खिशात आणि आपल्या कपाटावर, दोन्हीकडे असावा.

आपल्या मंडळात वाचता येणाऱ्या सुना-मुली पुष्कळ आहेत. कुणाच्या घरचा माणूस निघणार असेल तर तिने तो कागद मंगळवारच्या बैठकीला घेऊन यावा. चार जणींनी मिळून तो मोठ्याने वाचावा आणि सही त्यानंतर व्हावी, एवढी माझी मंडळाला विनंती आहे.