दुखणे दाढेचे, धास्ती मनाची

आमच्या संगमेश्वरात दाढ ठणकली की आधी लवंग, मग मिठाच्या गुळण्या. डॉक्टर सर्वांत शेवटी. कारण भीती. मंडळी, ही भीती उगाच नव्हती. भूल नव्हती तोवर दात माणूस शुद्धीवर असतानाच उपटत.

११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १९४८ साली लिग्नोकेन वापरात आले. हिरडी बधिर करणे सोपे झाले. वेदना गेली, धास्ती राहिली. त्यावर १९५९ साली अ‍ॅडेल्स्टन यांनी मुलांसाठी साधी रीत मांडली : आधी सांगा, मग दाखवा, मगच करा.

मोठ्यांनाही मी हेच म्हणेन, ‘भीती वाटते’ हे डॉक्टरांना आधीच सांगा. हात वर केला की थांबायचे, हे ठरवून घ्या. लवंगेने ठणका दबतो, कीड नाही.