नव्या वेबसाइटला गिऱ्हाईक कुठून आणायचे? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत माल विकणाऱ्यांसाठी कमी खर्चाचे मार्ग

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ तालुक्यांतील गावांतून भाजी, तांदूळ, मध, मसाले, पापड-लोणची थेट शहरातल्या घरी पोचवण्यासाठी वेबसाइट काढणारे तरुण आता दिसू लागले आहेत. वेबसाइट आठ-पंधरा दिवसांत तयार होते. नारळ फुटतो, स्टेटसला फोटो पडतात, नातेवाईक दोन-चार ऑर्डरी देतात आणि मग फोन गप्प. वेबसाइट म्हणजे फक्त दुकानाचा गाळा, आणि तोही अशा गल्लीत की जिथून आपोआप कोणी जात नाही. तिथपर्यंत गिऱ्हाईक आणणे हे वेगळे काम आहे. त्याला पैसा थोडा पुरतो, पण रोजचा वेळ मात्र द्यावाच लागतो.

आपल्या भागाला एक गोष्ट फायद्याची आहे. बाजारपेठ दोन तासांच्या आत आहे. खर्डी, आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याहून लोकलच्या मालडब्यात टोपल्या टाकून कल्याण-डोंबिवली-ठाण्यात भाजी विकायची रीत जुनी आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले. पुढे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शेतकरी गटांनी सोसायटीच्या गेटवर भाजीच्या पेट्या उतरवल्या. किसानकनेक्टसारखी कंपनीही त्याच काळात उभी राहिली. म्हणजे शहरातल्या माणसाला शेतकऱ्याकडून थेट घ्यायला आवडते, हे आता कोणाला पटवायची गरज नाही. आपल्यावर विश्वास कसा बसवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

आधी एकच पिनकोड

बहुतेक नवे लोक वेबसाइटवर लिहितात, "संपूर्ण ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबईत घरपोच सेवा". इथेच पहिला खड्डा. एक ऑर्डर घोडबंदर रोडला, एक डोंबिवली पश्चिमेला आणि एक पलावाला असेल, तर पेट्रोलमध्येच नफा जातो. आणि तिन्ही ठिकाणी आपल्याला ओळखणारा एकेकच माणूस असतो, त्याच्या तोंडून दुसऱ्याला कळत नाही.

त्यापेक्षा सुरुवातीला डोंबिवली पूर्वचा 421201 किंवा पश्चिमचा 421202 असा एकच पिनकोड धरावा. त्यातही दोन-तीन मोठ्या सोसायट्या. एका मोठ्या संकुलात एवढी घरे असतात की आपल्याकडच्या लहान गावापेक्षा वस्ती जास्त भरते. तिथे दहा घरे पक्की झाली की लिफ्टमध्ये, गेटवर, सोसायटीच्या ग्रुपवर पिशवी दिसते आणि चौकशी आपोआप सुरू होते. आठवड्यातले दोन वार ठरवून द्यावेत, उदाहरणार्थ बुधवार आणि शनिवार. आदल्या रात्री आठपर्यंत ऑर्डर घ्यायची. यात गाडीभाडे वाचते, शिवाय वार ठरलेला असला की गिऱ्हाईक तो लक्षात ठेवते. तीही एक जाहिरातच आहे.

सोसायटीत शिरायचे तर सेक्रेटरी किंवा कमिटीची परवानगी आधी घ्यावी. रविवारी सकाळी गेटजवळ टेबल मांडायला काही ठिकाणी भाडे मागतात, काही ठिकाणी मागत नाहीत. टेबलावर मालाइतकाच महत्त्वाचा असतो क्यूआर कोडचा छापील कागद. स्कॅन केला की थेट वेबसाइट किंवा व्हॉट्सअॅप उघडले पाहिजे. तिथे माल चाखून बघितलेला माणूस पुढच्या वेळी घरबसल्या ऑर्डर देतो. सणावारी गर्दी मोठी असते. डोंबिवलीत 1999 पासून पाडव्याची स्वागतयात्रा निघते, दिवाळी पहाटेला फडके रोड भरून जातो. पण अशा गर्दीत वाटलेली पत्रके बहुतेक रस्त्यावरच पडतात. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा एक कागद त्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

गुगलवर नाव, तेही फुकट

गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणजे पूर्वीचे गुगल माय बिझनेस. नकाशावर आणि शोधात धंद्याचे नाव, फोन, वेळ, फोटो आणि लोकांचे अभिप्राय दिसतात ते हेच. याला एक पैसा लागत नाही. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या धंद्याला हे प्रोफाइल मिळत नाही, गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे असा गुगलचा नियम आहे. घरपोच माल देणारा त्यात बसतो. त्याने दुकानाचा पत्ता न दाखवता सेवा देण्याचा परिसर भरायचा असतो. पडताळणीसाठी गुगल अनेकदा व्हिडिओ मागते. त्यात माल, पॅकिंगची जागा, नावाची पाटी किंवा गाडी दाखवायची तयारी ठेवावी.

प्रोफाइल झाले की खरे बळ अभिप्रायांचे. माल पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी लिंक पाठवून नम्रपणे विचारावे, "माल कसा वाटला ते दोन ओळीत लिहाल का?" शंभरातले पाच-दहा लिहितात, तेवढे पुरे. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नये आणि मेव्हण्या-भाच्यांकडून पाच चांदण्याही टाकून घेऊ नयेत. दोन्ही गोष्टी गुगलच्या नियमाविरुद्ध आहेत, पकडले की अभिप्राय उडतात. वाईट अभिप्राय आला तर भांडू नये. "वांगी खराब निघाली, पैसे परत केले" असे शांत उत्तर खाली दिसले की वाचणाऱ्या दहा जणांचा भरवसा वाढतो.

वेबसाइटसाठी गुगल सर्च कन्सोल नावाची सोय आहे, तीही फुकट. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत आले ते त्यात दिसते. लोक मराठी शब्दही इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, हे ध्यानात ठेवून पानावर दोन्ही तऱ्हेने लिहावे. आणि मथळा "आमच्याबद्दल" किंवा "स्वागत आहे" असा नको. "डोंबिवली पूर्वेत घरपोच गावठी तांदूळ" असा हवा. शोधणारा माणूस स्वागत शोधत नसतो. फोटो जड असले की पान उघडायला वेळ लागतो आणि माणूस निघून जातो, म्हणून ते हलके करूनच चढवावेत.

व्हॉट्सअॅपचा शिस्तीत वापर

व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप 2018 मध्ये आले, ते मोफत आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासह लावता येते, नेहमीची उत्तरे साठवून ठेवता येतात, गिऱ्हाइकांना लेबल लावता येते. नवीन, पैसे बाकी, दर आठवड्याचे अशी तीन लेबले पुरतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच संदेश जातो. म्हणून पहिल्या ऑर्डरीलाच सांगायचे, "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे काय माल निघाला ते कळेल."

परवानगीशिवाय कोणाला ग्रुपमध्ये टाकू नये. बाजारात दहा हजार मोबाइल नंबरांची यादी विकत देणारे भेटतात. ती घेऊच नये. अनोळखी लोकांनी तक्रार केली की व्हॉट्सअॅप नंबरच बंद करते, आणि त्याच नंबरवर धंदा उभा असतो. घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या नियमाने आधी नोंदणी करावी लागते. शहरांच्या नावाचे जे मोठे फेसबुक ग्रुप आहेत, तिथेही अॅडमिनचे नियम वाचूनच पोस्ट टाकावी. रोज "ताजी भाजी, संपर्क करा" टाकणाऱ्याकडे लोक बघत नाहीत. कोणी विचारले, "चांगला तांदूळ कुठे मिळेल?", तर तिथे जुन्या गिऱ्हाइकाने दिलेले एक उत्तर आपल्या वीस पोस्टींना भारी पडते.

दाखवण्यासारखे आपल्याकडेच जास्त

शहरातल्या दुकानदाराकडे जे नाही ते आपल्या बांधावर आहे. लावणी, झोडणी, भेंडीची सकाळची तोडणी, पाऊस गेल्यावरचे शेत. मोबाइल आडवा-उभा कसाही चालेल, पण उजेड सकाळचा हवा आणि आवाजात वारा नको. तीस सेकंदांच्या व्हिडिओत एकच गोष्ट सांगावी: हा तांदूळ नवा, याला पाणी कमी घाला. मधुरा बाचल यांनी 2009 पासून यूट्यूबवर पाककृती दाखवल्या, मसाले विकायला काढले ते नंतर. आधी उपयोगाचे दिले, ओळख झाली, मग माल. आपण तेवढे मोठे होऊ की नाही हा भाग निराळा, क्रम मात्र तोच ठेवावा.

नावाचा खोटेपणा करू नये. बदलापूरच्या जांभळाला आणि वाडा कोलमला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून दुसरा कुठलाही माल त्या नावाने विकायचा नाही. "सेंद्रिय" शब्दाचेही तसेच. प्रमाणपत्र नसेल तर जैविक भारतचे चिन्ह लावू नये. फवारणी केली असेल तर ती सांगावी. शहरातले गिऱ्हाईक खरे ऐकून घेते, फसवले गेल्याचे कळले तर सोसायटीच्या ग्रुपवरच सांगते.

एका गिऱ्हाइकाने दुसरे आणावे

1996 मध्ये सबीर भाटिया आणि त्यांच्या भागीदाराने हॉटमेल सुरू केले तेव्हा जाहिरातीला मोठा पैसा नव्हता. त्यांनी जाणाऱ्या प्रत्येक ईमेलच्या खाली एक ओळ घातली, तुम्हीही फुकट ईमेल घ्या अशा अर्थाची. वापरणाराच जाहिरात करू लागला. दीड वर्षाच्या आत लाखो लोक जोडले गेले आणि 1997 च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतले.

आपल्या पिशवीवर तीच ओळ छापता येते: गावाचे नाव, वेबसाइट, क्यूआर कोड. त्याला जोड म्हणून, शेजारणीने पहिली ऑर्डर दिली की दोघींना पावशेर मिरची किंवा कोथिंबिरीची जुडी फुकट. रोख सूट देण्यापेक्षा माल दिलेला स्वस्त पडतो आणि तो घरात दिसतोही. प्रत्येक सोसायटीला वेगळा कूपन कोड द्यावा, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आले ते वहीत कळते. कोड जमत नसेल तर फोनवर सरळ विचारावे, "आमचं कुठून कळलं?" आणि लिहून ठेवावे. हे न लिहिणाऱ्याला आपला कोणता खर्च कामाला आला ते शेवटपर्यंत समजत नाही.

पैसे देऊन जाहिरात: आधी हिशोब

फेसबुक-इन्स्टाग्रामवर बूस्टचे बटण दाबणे सोपे आहे. समजा, 5000 रुपयांची जाहिरात केली, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5900. त्यातून 20 नवी गिऱ्हाइके आली तर एक गिऱ्हाईक 295 रुपयांना पडले. एका ऑर्डरीत गाडीभाडे जाऊन 40 रुपये सुटत असतील, तर त्या गिऱ्हाइकाने आठ वेळा माल घेतला तेव्हा कुठे जाहिरातीचा खर्च निघून थोडे वर राहते. एकदाच घेऊन थांबला तर 255 रुपये खिशातून गेले. लाईक कितीही आले तरी हा हिशोब बदलत नाही.

म्हणून पहिली तीस-चाळीस गिऱ्हाइके पायी फिरून, फोनवर बोलून जोडावीत. ती परत-परत घेतात हे दिसले की मगच जाहिरात. तीही पिन टाकून आपल्या ठरलेल्या परिसरापुरती, दिवसाला शे-दोनशे रुपये, आठवडाभर. आणि जाहिरातीवर दाबले की व्हॉट्सअॅप उघडेल अशी ठेवावी. नव्या माणसाला अनोळखी वेबसाइटवर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारायचे असतात.

कागद आणि मालकी

डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या नावावर घ्यावे. बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिले की पुढच्या वर्षी तो म्हणेल ती रक्कम. पहिल्या वर्षाचा भाव कमी आणि नूतनीकरणाचा जास्त असतो, तो आधी विचारावा. गुगल प्रोफाइल आणि फेसबुक पेजचेही मालक आपणच असावे, बनवणाऱ्याला फक्त मॅनेजर करावे.

लोणची, पापड, मसाले असे तयार पदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर हवा. पॅकबंद मालावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता आणि तक्रारीचा संपर्क छापावा लागतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाइटवर विक्रेत्याचे नाव, पत्ता, तक्रार घेणारा माणूस आणि पैसे परतीची अट दिसली पाहिजे. ही माहिती दिसली की गिऱ्हाइकालाही धीर येतो.

फोन येतील, ते ओळखावेत

वेबसाइट आणि नंबर उघडा झाला की पहिले फोन गिऱ्हाइकांचे नसतात. "गुगलवरून बोलतोय, प्रोफाइल बंद पडेल, इतके भरा" असे सांगणारा गुगलचा नसतो, कारण प्रोफाइलला फी नाही. "पहिल्या पानावर आणण्याची गॅरंटी" देणाराही टाळावा. अशी गॅरंटी कोणालाच देता येत नाही.

दुसरा प्रकार जास्त घातक. समोरचा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, भाव न करता क्विंटलभर तांदूळ मागतो आणि आगाऊ पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मोठ्या ऑर्डरीचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय पोते हलवू नये. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट धरायचा नाही, बँकेचे अॅप उघडून बघायचे. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त असते.