चीनचे सागरी जकात खाते : परकी साहाय्य आणि प्रशिक्षणाचा प्रश्न

परदेशी तज्ज्ञांनी एखाद्या देशाच्या जकात-प्रशासनास साहाय्य करावे व तेथील नोकरवर्गास तयार करावे, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी प्रथम रूढ केली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. चीनच्या सागरी जकात खात्यात परकी तज्ज्ञांची व्यवस्था १८५४ पासून जवळजवळ शतकभर चालली. अशा साहाय्याची खरी कसोटी कोणती, या प्रश्नाच्या दृष्टीने त्या अनुभवाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सप्टेंबर १८५३ मध्ये ‘छोटी तलवार’ या नावाच्या गुप्त संघटनेने शांघाय शहराचा ताबा घेतला आणि तेथील जकात-कचेरी बंद पडली. परकी व्यापारी केवळ आपापल्या वकिलातीच्या अधिकारकक्षेत येत असल्यामुळे त्यांच्याकडून वसुली करणे चिनी अधिकाऱ्यांस अशक्य झाले. तेव्हा १८५४ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच व अमेरिकन असा प्रत्येकी एक निरीक्षक नेमण्याची तडजोड झाली. १८५८ च्या तहांनंतर हीच पद्धत इतर खुल्या बंदरांना लागू करण्यात आली. तथापि जकातीचा दर सुमारे ५ टक्के असा तहांनीच बांधून टाकलेला होता, आणि तो बदलण्याचा अधिकार चीनला नव्हता. वसुलीचे तंत्र सुधारले, पण दर ठरविण्याची सत्ता मिळाली नाही, हा विरोधाभास या खात्याच्या जन्मापासूनचा होय.

सर रॉबर्ट हार्ट हे १८६३ पासून १९११ मध्ये निधन होईपर्यंत खात्याचे महानिरीक्षक होते. त्यांची कर्तबगारी निर्विवाद आहे. परीक्षा घेऊन भरती, नियमित हिशेब, व्यापाराची छापील आकडेवारी, किनाऱ्यावरील दीपगृहे आणि १८९६ मध्ये सुरू झालेले टपाल खाते, हे सर्व त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. १८६४ च्या एका परिपत्रकात त्यांनी आपल्या परकी सहकाऱ्यांस बजावले, की हे खाते चिनी आहे, परकी नव्हे, आणि आपण चिनी शासनाचे पगारी सेवक आहोत. परकी अधिकाऱ्यांना चिनी भाषा शिकणे भाग होते.

परंतु येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शिक्षणाचा ओघ मुख्यतः एकाच दिशेने वाहत होता. १८९५ च्या सुमारास खात्यात सुमारे ७०० पाश्चात्त्य व ३,५०० चिनी लोक होते. चिनी नोकर कारकून, लेखक, खलाशी म्हणून राबत. बंदराचे आयुक्तपद मात्र परक्यांकडेच राहिले. वकिलातींच्या विशेषाधिकारांमुळे आरंभी परकी अधिकारी आवश्यक होते, हे समर्थन खरे आहे. पण ते व्यवस्थेच्या जन्माचे कारण सांगते. चिनी अधिकारी घडविण्यास लागलेल्या विलंबाचे नव्हे. १८९८ मध्ये तर, ब्रिटिश व्यापार सर्वाधिक असेतोवर महानिरीक्षक ब्रिटिशच राहील, असे आश्वासन चीनकडून घेण्यात आले.

त्यानंतर १९०१ च्या तहाने ४५ कोटी तैलांची नुकसानभरपाई लादली गेली आणि जकातीचे उत्पन्न तिच्या तारणात गेले. १९११ पर्यंत परकी अधिकारी केवळ जकातीची आकारणी करीत; रक्कम चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यात राही. क्रांतीच्या धामधुमीत तीही महानिरीक्षकांच्या हाती गेली. साहाय्यक हा अशा रीतीने धनकोंचा विश्वस्त बनला.

या स्थितीस उत्तर आले ते चीनमधूनच. १९०६ मध्ये शासनाने स्वतंत्र महसूल मंडळ स्थापिले व त्याच्या पुढाकाराने १९०८ मध्ये पेकिंग येथे जकात-विद्यालय निघाले. पहिल्या निरीक्षकांच्या नेमणुकीस तेव्हा ५४ वर्षे होऊन गेली होती. पुढे १९२९ मध्ये चीनने स्वतःचा नवा जकात-दर अमलात आणला आणि परक्यांची नवी भरती तत्त्वतः थांबविली. त्या विद्यालयाचे पदवीधर दिंग ग्वेइतांग हे प्रथम खात्याचे उपमहानिरीक्षक आणि १९४९ नंतर नव्या राजवटीच्या जकात-प्रशासनाचे उपप्रमुख झाले. राजवट पालटली, परंतु शिकलेला माणूस टिकला. साहाय्याचे जे फळ चीनच्या हाती खरोखर उरले, ते हेच.

ब्रुसेल्स येथील जकात सहकार्य परिषद १९५० च्या कराराने निर्माण झाली. १९९४ पासून ती जागतिक सीमाशुल्क संघटना या नावाने ओळखली जाते. चीन १९८३ मध्ये तिचा सभासद झाला, तो सार्वभौम राष्ट्र म्हणून. २०१७ मध्ये अमलात आलेल्या व्यापार-सुलभीकरण करारात विकसनशील देशांस काही तरतुदींची अंमलबजावणी साहाय्य मिळून क्षमता येईपर्यंत लांबणीवर टाकता येते. पूर्वी साहाय्य हे बंधनाचे साधन होते. येथे ते बंधनाची पूर्वअट ठरले आहे. हा पालट मोठा आहे. तरीही कोणत्याही प्रशिक्षण-योजनेचे मूल्यमापन करताना वसुली किती वाढली, एवढेच विचारून भागणार नाही. शिकविणाऱ्याच्या खुर्चीवर शिकणारा केव्हा बसणार, हे योजनेच्या आरंभीच ठरले होते काय, हाही प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.